भट्टीची माता

आधी हातातला चहा संपवा, मग सांगते. हा किस्सा ऐकताना माझ्या भाच्याच्या नाकातून चहा आला होता आणि त्याच्या आईच्या शिव्या मला बसल्या.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवते. चूक माझी होती, हे मी चारचौघांत कबूल केलेलं आहे. पण भट्टी बांधली याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

लढाईचे दिवस होते. आमचं हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. आमचे हे गावाबाहेरच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. त्यांच्या एका नातलगाच्या लग्नाला आम्ही हैदराबादला गेलो आणि तिथे मी पहिल्यांदा भट्टीतून निघालेली गरम नानखटाई खाल्ली. बाकीच्या बायका चारमिनार बघायला गेल्या. मी त्या घराच्या परसात भट्टीसमोर बसून राहिले. विटांचा घुमट, पुढे एक तोंड. आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे बाहेर ओढायचे, तोंड बंद करायचं आणि त्या धगीवर भाजायचं. यात काय आहे? ही तर टोपी घातलेली चूल! आणि चूल घालण्यात माझा हात धरेल अशी बाई आमच्या गल्लीत नव्हती.

घरी आल्यावर हे बोलून दाखवलं, तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"त्या विटा न्हाणीसाठी आणल्यात," त्या म्हणाल्या. "बाईमाणसाला आंघोळीला आडोसा न्हाई, अन् हिला बिस्कुटं भाजायचीत."

"आत्याबाई, भट्टी जमली न्हाई तर माझ्या हातानं पाडीन. एकूण एक वीट तुमच्या न्हाणीला लावून दीन."

"बोललीस ना? मग आता ऐक. पंधरा दिवसांनी गुरवारी यमूला बघायला हट्टा गावची पावणी येऊन राहिली. त्यांच्या ताटात तुझी नानखटाई पडली तर भट्टी ऱ्हाईल. न्हाई पडली तर शुक्रवारी पाडायची."

यमू म्हणजे माझी धाकटी नणंद. तिला दोन ठिकाणांहून नकार आला होता. या हट्ट्याच्या मुलाला तिने औंढ्याच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती रोज एक तरी भाकरी करपवत होती. तेव्हा त्या गुरुवारवर माझी भट्टी टांगलेली होती आणि यमूचा जीवही.

चार दिवसांत मी भट्टी उभी केली. चिखल मी तुडवला, विटा मी रचल्या, घुमट मी वळवला. शेजारच्या गंगूबाई भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "काहून गं, घरात समाधी बांधून राहिलीस का?" माझे हात चिखलात होते, म्हणून गंगूबाई वाचल्या.

पहिला घाणा काढला. नानखटाई खालून कोळसा, वरून कच्चं पीठ. आणि भट्टीची बाहेरची भिंत एवढी तापली की सासूबाईंनी शांतपणे फडकं आणलं आणि तिच्यावर पापड पसरले.

"पापडाला बाकी झकास हाय," त्या म्हणाल्या.

ह्यांना माझी दया आली असावी. दुसऱ्या दिवशी ते जिनातल्या यासीन मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्री बॉयलर सांभाळायचे, आगीशी त्यांचा जन्माचा संबंध. त्यांनी भट्टीवर तळवा ठेवला आणि झटकन काढला.

"भाभी, तुमची आग बाहेर पळून राहिली. आमच्या बॉयलरला कसं गोधडीत गुंडाळतेत, तसं हिला गुंडाळा. मग आग आतच बसती."

बॉयलर गुंडाळून उरलेलं एक पोतं त्यांनी सोमवारी सकाळी स्वतः आणून दिलं. गुरुवारला तीन दिवस उरले होते. पोत्याचं तोंड सोडलं तर आत पांढरंशुभ्र, फुगलेलं, मऊ. पहिल्या वेचणीचा कापूसच म्हणा ना.

"दिसायला कापूस, पन ही काच हाय," मिस्त्री म्हणाले. "काच पिंजून केलेली. आता ध्यान देऊन ऐका. आधी पाणी शिंपडून वली करा. नाकातोंडाला फडकं बांधा. हाताला कापड गुंडाळा. अंगाला बोट लावू नका. अन् काम झाल्यावर लुगडं अलग धुवा, घरच्या कपड्यांत मिसळायचं नक्को. न्हाई तर लई तकलीफ होईल, बराबर सांगतो."

मी मान डोलावली. मिस्त्री गेले.

आता तुम्हीच सांगा. माझं सगळं लहानपण कापूस वेचण्यात गेलेलं. वर्षाचा मसाला मी एकटी कांडते, मिरचीच्या खाटाने गल्ली खोकते, माझ्या डोळ्याला पाणी येत नाही. आणि मला कोणी पुरुषमाणूस शिकवणार, कापूस कसा धरायचा ते? मी पदर खोचला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पोत्यात घातले. पिंजाऱ्यासारखा एकेक पुंजका मोकळा केला, घुमटावर थापला, वरून माती-शेणाचा जाड गिलावा दिला. उन्हात चमचम करत तंतू उडत होते. मला ते फार सुंदर वाटले. घाम आला की त्याच हातांनी तोंड पुसत होते.

संध्याकाळी अंग चुरचुरायला लागलं. मंगळवारी सकाळी उठले तर हात, मान, पोट, गाल, सगळीकडे लालभडक पुरळ.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या वाकल्या आणि माझ्या पाया पडल्या.

"आलीस का माय," त्या म्हणाल्या. "लेकरांना सांभाळून घे."

त्या काळी अंगावर पुरळ उठलं की घरात माता, म्हणजे देवीचा आजार, आली असं सरळ समजायचं. पण माझ्या सात वर्षांच्या संसारात सासूबाई पहिल्यांदा माझ्या पाया पडल्या होत्या. तुम्ही काय केलं असतं? मी तोंड मिटलं. शिवाय खरं सांगायचं म्हणजे मिस्त्रींचं ऐकलं नाही हेही सांगायचं, आणि ते सासूबाईंना जन्मभर पुरलं असतं. म्हटलं, उद्यापर्यंत उतरेल.

मग काय विचारता. मला नऊ दिवसांसाठी मधल्या खोलीत खाटेवर बसवलं. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. सासूबाई स्वतः दहीभात भरवत होत्या, डहाळीने वारा घालत होत्या. मातेला वास चालत नाही म्हणून घरात फोडणी बंद झाली, भट्टी पेटवणं तर दूरच. मामंजी बिचारे बिनफोडणीचं वरण मुकाट खात होते. गंगूबाई नारळ घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माय, म्हैस आटली हाय, तेवढं लक्ष असू द्या." मी खाजवायला हात वर केला. त्यांना तो आशीर्वाद वाटला.

एवढ्यात परसातून कपडे आपटल्याचा आवाज आला. सासूबाई माझं लुगडं धुवत होत्या. "मातेचं लुगडं हाय, समद्यांना लाभू द्या," असं म्हणून त्यांनी त्याच पाण्यात मामंजींचं धोतर, ह्यांचे सदरे, स्वतःची लुगडी, पाहुण्यांसाठी काढलेला नवा पंचा, सगळं बुचकळलं. मिस्त्रींचं शेवटचं वाक्य मला लख्ख आठवलं. पण दहीभात खात बसलेल्या देवीने ओरडायचं कसं?

बुधवारी सकाळी मामंजी कंबर खाजवत होते. हे मान खाजवत होते. सासूबाई लाटण्याने पाठ खाजवत होत्या. माता सगळ्या घरावर प्रसन्न झाली होती. अशा घरात पाहुणे कसे यायचे? हट्ट्याकडे निघालेल्या एका गाडीवानाकडे निरोप द्यायचं ठरलं.

यमू माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. रडली नाही, तेच वाईट होतं.

"वहिनी, आता महिनाभर येऊ नका म्हणून सांगायलेत," ती म्हणाली. "त्यांना वसमतचं दुसरं स्थळ आलेलं हाय. ते काहून थांबतीन?"

मला माझीच लाज वाटली. दोन दिवसांची खाज एवढी बोचली नव्हती. मी खाटेवरून उठले आणि दारातले डहाळे बाजूला सारून अंगणात आले. गल्लीतल्या पाचसहा बाया तिथे होत्याच.

"ही माता न्हाई," मी म्हटलं. "मिस्त्रींनी दिलेली काच हाय. मी त्यांचं ऐकलं न्हाई."

मग गंगूबाईंनी हात जोडले. "माता बोलू लागली."

"अहो, मी बोलून राहिले!"

"व्हय माय, तूच."

"तो नारळ घेऊन घरी जा आधी."

"कोपली," सासूबाई म्हणाल्या. "दुसरा नारळ आणा."

मी जितकी चिडत होते तितके हात जोडले जात होते. शेवटी यमूलाच माझं खरं वाटलं. तिने गाडीवानाला थांबवलं आणि ह्यांना जिनात पिटाळलं. यासीन मिस्त्री आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला उभं केलं.

"भाभी, वली केली व्हती?"

"न्हाई."

"फडकं बांधलं व्हतं?"

"न्हाई."

"हाताला कापड?"

"न्हाई."

"मग माझं ऐकलं तरी काय?"

"मान डोलावली व्हती," मी म्हटलं.

"अन् लुगडं कोणी धुतलं?"

सासूबाईंचा हात हळूच वर आला. दुसऱ्या हातात लाटणं होतं. "मी. समद्यांच्या कपड्यांत."

मिस्त्रींनी मामंजींच्या कमरेकडे पाहिलं. जिथे धोतराची गाठ, नेमकं तिथेच लाल वळ. आता कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. गंगूबाईंनी नारळ उचलला आणि घरी नेला.

सासूबाई नुसत्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या, ज्यांच्यापुढे त्या वाकल्या होत्या. मी म्हटलं, बघा. पण उद्या भट्टी पेटणार.

सगळ्यांनी न चोळता गार पाणी अंगावर घेतलं. दोरीवरचा एकूण एक कपडा मी विहिरीवर नेऊन चार पाण्यांतून काढला. गुरुवारी सकाळी भट्टी पेटवली, निखारे ओढले, तोंड लिंपलं. सासूबाईंनी सवयीने वर पापड टाकले आणि थोड्या वेळाने पडलेल्या तोंडाने म्हणाल्या, "पापड वाळंनात." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

पाहुणे आले. हातपाय धुतले. यमूने ताट आणलं. बदामी रंगाची, वरून तडकलेली, तोंडात टाकताच विरघळणारी नानखटाई. मुलाच्या वडिलांनी लागोपाठ तीन खाल्ल्या आणि भट्टी कोणी बांधली म्हणून विचारलं. झालं, मी सुटलेच.

"काच हाताळायची म्हणजे खबरदारी लागती," मी म्हटलं. "वली करावी, फडकं बांधावं, कपडे अलग धुवावेत. काही लोकांना सांगितलेलं कळत न्हाई."

यमूने ओठ चावून मान खाली घातली. पाहुण्यांना ती लाजल्यासारखी वाटली, चांगलं झालं.

तेवढ्यात मुलाचे वडील मान खाजवायला लागले. मग कान. मग दोन्ही गाल. माझी नजर त्यांच्या मांडीवरच्या पंचावर गेली. दोरीवरचं सगळं मी पुन्हा धुतलं होतं. पण तो नवा पंचा सासूबाईंनी मंगळवारीच वाळवून, घडी करून पेटीत ठेवला होता. आणि आज त्यांच्या हातात तो दिला होता मी, स्वतः, हसत हसत.

"काहो," ते म्हणाले, "तुमच्या घरात माता-बिता तर न्हाई ना?"

यमूचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्यांदा कबुली द्यायला मी उठले, तर सासूबाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

यमूचं लग्न त्याच घरात झालं. न्हाणीही पुढच्या वर्षी झाली, वेगळ्या विटांची. भट्टी राहिली. सुपारी फुटली ती माझ्या नानखटाईवर, असं मी अजून ठणकावून सांगते. व्याही मात्र म्हणतात, नानखटाई बरी होती, पण आमचं मन बसलं ते विहीणबाईंच्या उत्तरावर. सासूबाईंनी पदर सावरला, लाटणं मांडीमागे सरकवलं आणि म्हणाल्या,

"माता न्हाई हो. माता असती तर नवव्या दिवशी गेली असती. ही सून हाय आमची, ही कुठं जाती?"