शेवटची पदवी

स्कारबरोतल्या आमच्या बिल्डिंगच्या लाँड्रीत दर रविवारी एक थाई गृहस्थ भेटायचे. कुणीही आलं की हात जोडून जरा वाकायचे. एकदा बोलता बोलता कळलं, त्यांचे खापरपणजोबा राजे होते.

"आमच्याकडे प्रत्येक पिढीला पदवी एक पायरी उतरते," ते म्हणाले. "आजोबा राजकुमार होते. माझी पदवी शेवटची. मुलीला काहीच नाही."

"वाईट वाटतं?"

"आईला वाटायचं. मुलगी मात्र मोकळी आहे."

मग मी त्यांना जातीबद्दल सांगितलं. इथल्याच एका मराठी घरी माझं आडनाव ऐकून गप्पा थांबल्या होत्या, तेही सांगितलं. टॉवेलची घडी अर्धवट ठेवून त्यांनी आस्थेनं विचारलं, "मग ती जायला किती पिढ्या लागतात?"

मला माझी मुलगी आठवली.