पाठीवरचे आकडे

भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका ठेकेदाराने माझ्या थोरल्या भावाला कामगारांच्या शर्टांच्या पाठीवर आकडे छापायचे काम दिले. होळीच्या आत त्या आकड्यांवरून पहिला माणूस कामावरून काढला गेला. तो दादाचा कामावरचा जोडीदार होता.

दोघे एकाच गावचे, भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. लोखंडी सांगाडा उभारणाऱ्या या ठेकेदाराकडे ते एकाच टोळीत लागले होते. आदल्या उन्हाळ्यात तुळई वर चढवणारी साखळी सुटली आणि दादाचा उजवा पंजा दोन तुळयांमध्ये सापडला. अंगठा आणि करंगळी वाचली. जोडीदाराने त्याला पाठीवर घेऊन शिडीने खाली आणले.

दादा दवाखान्यात होता तेवढे दिवस त्याची हजेरी लागत राहिली. टोळीची रीतच तशी होती. प्रत्येकाला आपापला आकडा कोरलेले पितळेचे टोकन असे. सकाळी ते फाटकावरच्या पेटीत पडले की हजेरी धरली जाई. कोणी धान कापायला गावी गेला की त्याचे टोकन दुसरा टाकी. खालून पाहणाऱ्या टाइमकीपरला वरची माणसे सारखीच दिसत. दादाचे टोकन जोडीदार टाकत होता. अपघाताची नोंद होऊ नये हे मुकादमाच्याही सोयीचे होते, म्हणून तो गप्प राहिला. त्या पगारावर दादा, वहिनी, त्यांची मुले आणि मी, सगळे जेवलो. मी तेव्हा त्यांच्याकडे राहून दुर्गला टायपिंग शिकत होतो.

दादा परत आला तेव्हा त्याला वर चढता येत नव्हते. आम्ही राहत होतो त्या ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडी कामावरच्या माणसांसाठी होत्या. काम नाही तर शेड नाही. दादा खालचे काही काम मागायला ठेकेदाराच्या ओव्हरसियरकडे गेला. हा ओव्हरसियर नागपूरचा होता, सगळे त्याला साहेब म्हणत.

"एका हातानं काय करशीन बे तू?" साहेब म्हणाला. "भीक मांगाले बी दोन लागतेत."

ऑफिसातले हसले. दादाही हसला.

साहेबाला त्या दिवसांत खोट्या हजेरीचा संशय आला होता. वर कोण आहे ते खालून कळावे म्हणून त्याने पेंटरकडून काही शर्टांच्या पाठीवर टोकनांचेच आकडे रंगवून घेतले होते, पण रंग तडकून निघाला. दादाने ते शर्ट टेबलावर पाहिले.

"बायकोले इस्त्रीचा छापा येते साहेब. धुवून जात नाई."

हे खरे होते. वहिनी कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या बायकांना भरतकामाची नक्षी कापडावर उतरवून देत असे. राळ, मेण आणि काजळ एकत्र शिजवून केलेल्या शाईने ती कागदावर उलटी नक्षी काढी, आणि कागद कापडावर पालथा घालून वरून तापलेली इस्त्री दाबी. कागदावरची शाई वितळून कापडावर जाई.

साहेबाने आधी दादाच्याच टोळीचे शर्ट दिले. अट सांगितली. "त्यातले कोनतेबी काढीन आन् सोड्यात उकळीन. आकडा राह्यला तं शेड तुयी. गेला तं गठोडं बांध."

रुमालाच्या कोपऱ्यावरचे फूल आणि जाड खाकी ड्रिल कापडावरचा हातभर आकडा यांत फरक होता. इस्त्रीचा दाब पुरेना. दादाने दुर्गच्या एका पुस्तके बांधणाऱ्या जिल्दसाजाकडून चाकाचा जुना प्रेस आणला. खाली घोंगडी, तिच्यावर शर्ट, शर्टावर कागद, त्यावर शेगडीवर तापवलेला लोखंडी पाटा, आणि मग चाक. पाट्यावर टाकलेला पाण्याचा थेंब नाचत पळाला तर पाटा जास्त तापलेला. जागेवर चुरचुरून आटला तर ठीक.

कागदाने जास्त दिवस खाल्ले. वर्तमानपत्र शाई पिऊन टाकी, कापडावर नुसती सावली येई. पतंगाचा कागद पाट्याखाली आक्रसून आकडा वाकडा होई. रशियन यंत्रांच्या पेट्यांतून निघालेला तपकिरी कागद मजबूत होता आणि मजुरांच्या कॅम्पात फुकट मिळे, पण त्यात गंज लागू नये म्हणून तेल मुरवलेले असे. छपाई सुरेख आली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक आकड्याभोवती तेलाचा डाग उमटला. ते डाग वहिनीने शर्ट उकळून काढले. शेवटी ड्रॉइंग ऑफिसातले रद्द झालेले ट्रेसिंग पेपर लागू पडले. तो कागद शाई आत घेत नाही आणि उष्णता लागली की सगळी सोडून देतो.

नवीन ड्रिलला गिरणीची खळ असते. ती आधी धुवून काढावी लागे. त्यानंतर प्रश्न फक्त दाबाचा राहिला. चाक टेकल्यावर अर्धा फेरा दिला तर आकडा पाहायला चांगला दिसे, पण शाई धाग्यांच्या वरच राही आणि दोन-तीन धुण्यांत उडे. दीड फेरा दिला तर ती विणीत उतरे. त्याहून जास्त दिला तर पसरून इंग्रजी तीनचा आठ होई. दादा डाव्या हाताने चाक फिरवी आणि छातीने त्याचा दांडा रेटी.

शर्ट छापणे चालू असताना एका रविवारी जोडीदार आला. एका शेडीत दोन कुटुंबे राहत. मधल्या पत्र्याच्या पलीकडे तोच राहायचा. तो दारात उकिडवा बसला.

"काय गा, लय जोर लावून राहिला."

"लावा लागते."

"आमच्यावर अर्धाच फेरा दे ना बाप्पा. साहेब उकळीन त्या शर्टाले दे पुरा."

"साहेब कोनता उकळीन, मले सांगते का तो?"

"पुसात मळणी हाय. माह्या बुढ्याच्यानं एकट्यानं होत नाई, तुले मालूम हाय." त्याने दादाच्या उजव्या पंजाकडे पाहिले. "तुयं टोकन कोन टाकत होतं?"

"तू."

"मंग?"

दादाने पाटा उचलून शेगडीवर ठेवला. वहिनी म्हणाली, "ऐकून तं घ्या जी. भाऊजीनं टाकलेल्या टोकनावर भात खाल्ला आपन."

"मंग तूच सांग. शेड खाली करू?"

वहिनीने पुढचा शर्ट पसरला आणि त्यावर कागद पालथा घातला. दादाने पाटा ठेवला. चाक टेकले, त्यापुढे दीड फेरा गेला.

जोडीदार हसून उठला. "तुह्या पाठीवर बी छापून घे एखादा."

"मी कुठी चढतो आता वर?" दादा म्हणाला.

साहेबाने ढिगातून काही शर्ट काढले, कॅम्पाच्या धोब्याकडून सोड्यात उकळून घेतले आणि विटेने घासायला लावले. आकडे राहिले. टोळीला शर्ट वाटले गेले.

पौषात जोडीदार मळणीला गावी गेला. त्याचे टोकन पेटीत पडत राहिले. दुपारी टाइमकीपर सांगाड्याखाली उभा राहून पाठी वाचत होता. टोकन होते, पाठ नव्हती.

तो परतला त्या सकाळी साहेबाने त्याला फाटकावर अडवले. टोळी मागे उभी होती.

"टोकन कोनं टाकलं?"

"मले नाई मालूम साहेब."

"पाहून घ्या रे पोट्टेहो," साहेब म्हणाला. "भूत हजेरी लावते, पन भुताच्या पाठीवर नंबर नसते." मग जोडीदाराला म्हणाला, "शर्ट ठेकेदाराचा हाय. काढ."

त्याने शर्ट काढला. आत बनियन फाटकी होती. टोळीतले दोघे-तिघे हसले. थंडी होती.

शर्ट जमा करायला दादाला बोलावले होते. जोडीदाराने घडी स्वतः घातली, आकडा वर ठेवून.

"मस्त छापला गा. एवढा धुतला, रेघ नाई हालली."

दादाने आकड्याच्या कडेवरून अंगठ्याचे नख ओढले. काही निघाले नाही. त्याने शर्ट काखेत धरला आणि साहेबाच्या कागदावर डाव्या हाताने सही केली.

संध्याकाळच्या आत जोडीदाराच्या बायकोने भांडी पोत्यात भरली. वहिनी तिला पाणी द्यायला गेली. तिने घेतले नाही. दुर्गला जाणाऱ्या ट्रकवर सामान चढले.

साहेबाने पत्र्यापलीकडची खोली दादाला दिली. सोमवारी प्रेस तिकडे हलवला. त्याच दिवशी दुसऱ्या टोळीचे शर्ट छापायला आले.