टाकीवर चढलेल्या सिस्टर

शहापूरला कॉलेजात असताना आमच्या मुलींच्या वसतिगृहात एकाच आठवड्यात नऊ जणींना जुलाब-उलट्या लागल्या. माझ्या खोलीतली वैशाखरे गावची मैत्रीण तर सलाईनवर गेली. तेव्हा आरोग्य केंद्रातून एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना सारखा चष्मा कपाळावर सरकवणाऱ्या.

गोळ्या वाटता वाटता त्या थांबल्या. "पाणी कुठलं पिता गो?"

मी गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं. रेक्टरबाई म्हणाल्या, "टाकी धुतलेली आहे."

"आसंल. पन मी नाय ना बघितली," असं म्हणत सिस्टर पदर खोचून शिडी चढायलाही लागल्या. आम्ही खाली माना वर करून उभ्या. त्यांनी झाकण सरकवलं, आत वाकल्या आणि काठीने एक मेलेलं कबुतर बाहेर काढलं. आम्ही किंचाळलोच!

"गोळ्या रोज देईन गो," त्या वरूनच ओरडल्या, "पन दुखनं हितं बसलंय, त्याला तुमच्या पोटात येऊ कशाला द्यायचं?"

मग कोण थांबतंय! बादल्या, खराटे घेऊन आम्ही वर धावलो. सिस्टर स्वतः टाकीत उतरल्या. आम्ही घासत होतो, भिजत होतो, ओरडत होतो. शेवटी रेक्टरबाईंनीही खराटा उचलला.

त्यानंतर एकही मुलगी आजारी पडली नाही. मैत्रीण परत आली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "त्या सिस्टरांचं नाव काय गं?"

त्या गडबडीत ते कुणीच विचारलं नव्हतं.