कासवाचा उपास

पंच्याऐंशी साली बाबा गेले आणि आमच्या मुलुंडच्या घरातल्या कासवाने खाणं सोडलं. ते बाबांनी हौसेने पाळलेलं. मी कोबीची पानं, काकडीचे काप पुढे ठेवायचो, पण ते कॉटखाली मान आत ओढून बसून राही. समाचाराला येणारे म्हणत, "मुक्या जिवालाही कळतं हो!" सरपटणाऱ्या प्राण्यांना भावना नसतात, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. त्याने मला धीर येत नव्हता. घरात आणखी एक मरण बघण्याची माझ्यात ताकद नव्हती.

सुतकात देवपूजा बंद होती. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी पाट ओढून बसलो, जमेल तशी पूजा केली, घंटा वाजवली. मागे फरशीवर खरखर ऐकू आली. कासव पाटाशी येऊन, मान उंच करून थांबलं होतं.

"अगं बाई!" आई म्हणाली. "पूजा झाली की हे परडीतली एक जास्वंद द्यायचे त्याला. तू तेव्हा ऑफिसला गेलेला असायचास. मला मेलीला आठवलंच नाही रे!"

मी फूल पुढे धरलं. त्याने पाकळीचा लचका तोडला.

"यांच्यासारखंच आहे बघ," आई कितीतरी दिवसांनी हसली. "पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही."

त्याला दुःख झालं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. घंटेनंतर काय मिळतं, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. मी देवावर वाहिलेलं दुसरं फूलही उचलून त्याला दिलं.