नाना स्वतःची गोळी आईला देत होते!

मंडळी, आज सकाळी चोपड्याहून आईचा फोन आला. फ्लूने आवाज बसलेला, पण तक्रार नानांची. "तुना नाना माले त्यासनी गोळी खावाले सांगी राह्यनात!"

मी जळगावहून लगेच निघालो. नाना म्हणजे माझे वडील. हृदयात स्टेंट बसवल्यापासून त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी रोज लागते. ती घेणारे लोक फ्लूतून लवकर बरे होतात, असं त्यांनी मोबाईलवर वाचलं. मग काय, स्वतःची गोळी बंद केली आणि आईसाठी राखून ठेवली!

मी पोचताच दोघांनाही दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी नानांचा ईसीजी काढला. तो ठीक निघाला. आईची छातीही साफ होती.

"नाना, काही अभ्यासांत तसं दिसलंय," त्या म्हणाल्या, "पण ते या गोळीमुळेच, हे अजून ठरलेलं नाही. हे फ्लूचं औषध नाही. तुमच्या हृदयासाठी मात्र ती हवीच. न विचारता थांबवायची नाही, आणि कुणाला द्यायचीही नाही."

नाना हळूच म्हणाले, "हिले काही व्हतं तं मी काय करतू?"

सकाळपासून चिडलेली आई खोकत खोकत हसली. "इतला वरीसमा पहिल्यांदा असं बोलनात, ते बी डॉक्टरसमोर!"

आता दोघंही आपापल्या गोळ्या घेऊन आराम करताहेत.

तुमच्याकडे आहे का कुणी असं, प्रेमापोटी स्वतःचं औषध वाटणारं?