बस मागे घ्यायची नाही

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसते ती बस. गॅरेजच्या पत्र्याखाली उभी, निळी, नुकतीच धुतलेली, खिडक्यांवरून अजून पाणी निथळतंय. मग दिसतात गमबूट, मग बादली, आणि सगळ्यात शेवटी काका. अंगाने आडवे, मिशीने भारदस्त आणि आतून पार गळून गेलेले.

देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमधल्या एका संघाची बस काका चालवत. आज हंगामाचा शेवटचा सामना होता, तोही परक्या शहरात. बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता. हरला तर थेट खालच्या लीगमध्ये.

काकांची काळजी मात्र वेगळीच होती. त्यांचा डावा डोळा गेला होता. हंगामाच्या सुरुवातीला नुसतं धूसर दिसे. आता पांढऱ्या उजेडापलीकडे काही नाही. पुढचा रस्ता ते उजव्या डोळ्यावर निभावत, पण बस मागे घ्यायची म्हटली की डावा आरसा असून नसल्यासारखा. एकदा गॅरेज झाडणारी बाई किंचाळली म्हणून ब्रेक लागला. चाक आणि तिची चप्पल यांच्यात वीतभर जागा उरली होती. ती किंकाळी काकांना पुढे दाढी करतानाही ऐकू येई.

घरी बायकोला संशय होताच. चहा कपाबाहेर गेला की ती म्हणे, "आज टेबलालाही पाजताय वाटतं?"

"धक्का लागला गं."

"कोणाचा? घरात दोघंच तर आहोत."

"हंगाम संपू दे, जाऊ डॉक्टरकडे."

"हो, डोळा थांबलाय ना तुमच्या हंगामासाठी!"

बाईचा तो प्रसंग ताजा असतानाच प्रशिक्षक म्हणाले, "काका, बस जरा मागे घेऊन दाराला लावा." काकांच्या तोंडून घाबरून निघून गेलं, "सामन्याआधी बस मागे घेत नाहीत साहेब. अपशकुन होतो." शुद्ध थाप! पण सारखा हरणारा संघ नेमका त्या दिवशी जिंकला. झालं! उजवा मोजा आधी घातल्याशिवाय मैदानात न उतरणारी ही मंडळी. त्यांना एवढं पुरे होतं. तेव्हापासून बस मागे घ्यायचीच नाही. वेळ पडली तर अख्ख्या स्टेडियमला वळसा, नाहीतर भर पावसात बॅगा डोक्यावर घेऊन पायपीट. कर्णधार काकांना "आमचा बारावा गडी" म्हणू लागला. ते ऐकलं की काकांना घाम फुटे.

तर तो शेवटचा दिवस. परक्या शहरातला नेहमीचा रस्ता बंद होता. काका एक वळण आधीच आत शिरले आणि अरुंद गल्लीच्या टोकाला लोखंडी फाटकासमोर येऊन थांबले. फाटकाला भलंमोठं कुलूप. मागून त्या शहराच्या संघाचे पाठीराखे गल्लीत शिरले. बसच्या पत्र्यावर थापा पडू लागल्या. एक बाटली काचेवर येऊन फुटली.

"काका, रिव्हर्स नाही हं!" कर्णधार ओरडला.

"मग काय, पंख लावू बसला?" गोलकीपर म्हणाला.

प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिलं. "काका, घ्या मागे. शकुन गेला खड्ड्यात."

काकांनी डाव्या आरशात पाहिलं. पांढरा उजेड. त्या उजेडात माणसं होती. त्यांचं हसणं, शिव्या, कुणा लहान मुलीचं "बाबा, मला उचला ना" सगळं ऐकू येत होतं. दिसत कोणीच नव्हतं. नेहमीसारखं गप्प राहून गिअर टाकता आला असता. हात गिअरवर गेलाही, पण तिथून तो किल्लीकडे वळला. काकांनी इंजिन बंद केलं.

"साहेब, अपशकुन वगैरे काही नाही. मी थाप मारली होती. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

"कधीपासून?"

"हंगामभर."

"म्हणजे आम्ही सगळे हंगामभर..." कर्णधार म्हणाला. तो मटकन सीटवर बसला.

गोलकीपर मात्र उठला. "दार उघडा काका. मागे मी उभा राहतो. मागून ओरडायचा तर मला पगार मिळतो."

तो हातमोजे चढवून गर्दीत उतरला. लोकांनी आधी हुर्यो केली. मग हात पसरून उभा असलेला तो ताडमाड माणूस पाहून ते हळूहळू भिंतींना टेकले. कोणीतरी त्या मुलीला खांद्यावर घेतलं.

त्या संध्याकाळी गोलशून्य बरोबरी झाली, संघ वाचला आणि काकांनी चाव्या कायमच्या परत केल्या. ते सगळं नंतरचं. गल्लीत तेव्हा बस गोगलगायीसारखी मागे सरकत होती, आणि गोलकीपरचा घोगरा आवाज तेवढा काकांना दिसत होता म्हणा ना. "या... या... उजवीकडे थोडं... या..." बसची शेपटी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आली. येणाऱ्या गाड्या पाहण्यासाठी तो क्षणभर वळला आणि आवाज थांबला. काकांचा पाय ब्रेकवर आपटला. खिडकीबाहेर डोकं काढून ते ओरडले, "बोलत राहा रे बाळा, काहीही बोल! तू गप्प झालास की मला फार भीती वाटते."