अर्धी गोळी

रानडुकराला वाहतुकीचे नियम माहीत नसतात, आणि माझ्या वडिलांनाही नसतात. मोर्शीहून एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपून परत येताना दोघांची रस्त्यात गाठ पडली. डुक्कर पळालं, वडिलांचं कोपर खरचटलं आणि मोटारसायकलवर मागे एका अंगावर बसलेली आई डांबरावर आदळली. खुब्याचं हाड आणि डावीकडच्या फासळ्या मोडल्या. अमरावतीत ऑपरेशन झालं आणि मी तिला माझ्याच घरी आणलं.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "फासळ्या दुखतात म्हणून आजी पूर्ण श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत. कफ साचला तर न्यूमोनिया होईल. दुखणं दबलं तरच त्या बसतील, खोकतील." मला धडकीच भरली. मॉर्फिन अफूपासून निघतं, एवढं मलाही ठाऊक होतं. सवय लागेल का, असं मी विचारलं. डॉक्टर वैतागले नाहीत, हेच नवल. "थोडेच दिवस, सांगितली तेवढीच, आणि बंद करताना मला विचारून हळूहळू. जास्त गुंगी आली, श्वास मंदावला तर लगेच फोन करा. गोळी मात्र अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही. ही पोटात सावकाश विरघळते." आईनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

मग पाहुणे सुरू झाले. आमच्याकडे माणूस पडला की त्याला पाहायला जावंच लागतं, आणि पाहायला गेलं की मत द्यावंच लागतं. आठवडाभरात माझ्या घरात संत्र्यांचा ढीग लागला आणि दुखण्यावरच्या ज्ञानाचाही. तज्ज्ञ पुष्कळ होते. दुखत होतं ते एकटीचं.

तज्ज्ञांचे प्रमुख म्हणजे आमचे अकोल्याचे मामा, आईचे धाकटे भाऊ. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा त्यांच्या गालात शाळेपासून मुक्कामाला आहे. तो सांडू नये म्हणून ते मान वर करून बोलतात, त्यामुळे त्यांचा सल्ला आधी छताला मिळतो आणि मग आपल्याला.

"अवो पोरी, अफू हाय ते! सवय लागली म्हंजे माणूस कामातून गेला."

"मामा, आणि खर्रा?"

"खर्ऱ्याची कायची नशा? ते तं टाइमपास हाय."

एवढं बोलून ते खिडकीतून माझ्या मोगऱ्यावर थुंकले आणि आईकडे वळले. "ताई, तुले कायले पायजे असल्या गोळ्या? तुले तं सोसाची सवय हाय."

सवय हा शब्द आमच्या खानदानात असा सोयीनं चालतो. गोळीची लागली तर घराण्याला बट्टा, दुखण्याची असली तर बाईचा मोठेपणा. आईनं भावाचं ते प्रवचन डोळे मिटून ऐकलं.

त्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं. गोळी घेतली की जराशानं ती पेंगायला लागायची आणि दुपारपर्यंत तिचा चेहरा पिळवटून जायचा. खोकला आला की उशी छातीशी आवळून तो आतल्या आत दाबायची. दुखतं का विचारलं तर, "नाई वं, ठीक हाय." मामांना पुरावाच मिळाला. "पाह्य, कशी पेंगून राहिली! चढली तिले." हसावं की त्यांना दारापर्यंत पोचवावं, मला कळेना. मी भ्याले होते. तिच्या छातीत घरघर ऐकू येत होती, आणि गोळी जास्त होते आहे की कमी पडते आहे, हेच समजत नव्हतं.

शेवटी डॉक्टरांना फोन करायला मोबाइल उचलला, तेवढ्यात अकोल्याला परतलेल्या मामांचाच फोन आला.

"पोरी, ताईले सांगजो, ते कंबरेची गोळी अजून असन तं ठेवजो म्हना. अर्धीतच लय आराम पडला. डोकं थोडं गरगरते, पण झोप अशी लागते का इचारू नोको."

"कोणती गोळी, मामा?"

"तेच ना, ताईनं कागदात बांधून देल्ली ते. डॉक्टरची हाय म्हने."

मी तशीच आईच्या उशीखाली हात घातला. कागदाच्या पुडीत अर्ध्या गोळ्या होत्या, दातांनी तोडलेल्या.

"त्याची कंबर लय दुखते ना वं," आई म्हणाली. "माह्यं अर्धीत भागते. अन् अर्धीची सवयबी लागत नाई."

मामांना मी सांगितलं की तुम्ही जी खाल्ली तीच ती अफू. उरलेली परत आणा, गाडीला हात लावू नका आणि आधी तिथल्या डॉक्टरला गाठा. पलीकडून बारीक आवाज आला, "मंग आता मले सवय लागीन का वं?" इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले.

आमच्या डॉक्टरांनी मात्र रीतसर झापलं. तोडल्यामुळे सावकाश उतरणारं औषध लवकर उतरत होतं, म्हणून पेंग; आणि होतं अर्धंच, म्हणून दुपारी काहीच उरत नव्हतं. त्यांनी आईची छाती तपासली, कफाचं औषध वाढवलं आणि गोळी मी समोर उभी राहून द्यायची असं ठरलं. गिळल्यावर मी तिला तोंड उघडायला लावायची. ती चिडायची, पण उघडायची. हळूहळू ती खोकायला लागली, मोठ्यानं, सगळी आळी ऐकेल अशी. घरघर निवळली.

मग एका सकाळी ती वॉकर धरून उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि थबकून खाली पायांकडे बघत राहिली.

"काय झालं, आई? खुबा दुखतो?"

"खुबा दुखते थोडासा. पण गुडघे नाई दुखून राहिले."

"गुडघे? ते कधीपासून दुखत होते?"

"तू पोटात होती तवापासून."

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते.